ओव्हन १८० अंशांवर, केक मात्र शंभराच्या आत!

आज एका सोप्या दिसणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. घरातील विजेचा ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापवला आहे. त्यात केकचे भांडे ठेवले आणि चाळीस मिनिटांनी केक तयार झाला. बाहेर काढण्याच्या क्षणी केकच्या गाभ्याचे, म्हणजे अगदी मधल्या भागाचे, तापमान किती असेल?

हा प्रश्न मी अकरावीच्या वर्गात विचारतो तेव्हा बहुतेक हात '१८०' या उत्तराला वर होतात. थोडी सावध मुले '१५०' म्हणतात. खरे उत्तर आहे ९८ अंशांच्या आसपास! भोवती १८० अंशांची भट्टी असताना केक शंभराच्या आत राहतो. कितीही वेळ गेला तरी, जोवर आत पुरेसा ओलावा आहे, तोवर गाभा शंभर ओलांडत नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर शोधता शोधता नववी-दहावीच्या पुस्तकातील उष्णतेचे जवळजवळ सगळे प्रकरण आपल्याला ओव्हनमध्ये भेटते. शिवाय काही गोष्टी अशा कळतात की, त्या माहीत नसल्या तर केक बिघडतो, वीज वाया जाते आणि क्वचित घराला धोकाही होतो.

उष्णता कोठे साठलेली असते?

'ओव्हनमध्ये गरम हवा असते आणि ती पदार्थ भाजते' असे आपण सहज म्हणतो. हे कितपत खरे आहे ते आकडेमोड करून पाहू.

घरगुती ओव्हन ३० लीटरचा आहे असे समजा. १८० अंशांना हवा विरळ होते. ३० लीटर हवेचे वस्तुमान त्या वेळी जेमतेम २३ ग्रॅम भरते. हवेचा विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे १ ज्यूल आहे. खोलीचे तापमान ३० अंश धरले, तर या हवेतील जास्तीची उष्णता

२३ × १ × १५० = ३४५० ज्यूल, म्हणजे सुमारे साडेतीन किलोज्यूल.

एवढ्या उष्णतेत काय होईल? ३० अंशांचे एक ग्रॅम पाणी उकळून त्याची वाफ करण्यास सुमारे अडीच किलोज्यूल लागतात. म्हणजे ओव्हनमधील सगळी हवा आपली सगळी उष्णता देऊन बसली तरी चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही पाणी तिला आटवता येणार नाही!

आता ओव्हनच्या पत्र्याकडे पहा. आतील भिंती, जाळी आणि ताट मिळून ३ किलोग्रॅम पोलाद आहे असे धरू. पोलादाचा विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला सुमारे अर्धा ज्यूल. तेव्हा त्यातील उष्णता

३००० × ०.५ × १५० = २,२५,००० ज्यूल, म्हणजे २२५ किलोज्यूल.

हवेपेक्षा साठ पटींहून अधिक! ओव्हनची खरी तिजोरी म्हणजे त्याच्या भिंती. पाककृतीत 'ओव्हन आधी दहा मिनिटे तापवून घ्यावा' असे लिहिलेले असते, त्याचे कारण आता ध्यानात येईल. हवा मिनिटाभरात तापते; भिंतींना वेळ लागतो. भिंती गार असताना केक आत ठेवला, तर उघडी लाल सळई त्याला एका बाजूने भाजत राहते आणि इतर बाजूंनी उष्णता मिळतच नाही.

जुन्या बेकरीवाल्यांना हे सूत्र न मांडताही ठाऊक होते. गोव्यातील पोदेर, म्हणजे पाववाले, विटा-मातीच्या घुमटाकार भट्टीत लाकडे जाळत. भट्टी पुरेशी तापली की निखारे बाजूला सारून किंवा काढून टाकून त्या जागी पाव ठेवत. पाव भाजला जाई तो विस्तवावर नव्हे, तर विटांनी पोटात साठवलेल्या उष्णतेवर. (पाव हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आहे.) घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा अनेक घरांतून मैदा, तूप, साखर डब्यात भरून नेत आणि बेकरीतून नानकटाई भाजून आणत. काही घरांत कढईत वाळू तापवून तीत केकचे भांडे ठेवत आणि वरच्या झाकणावर निखारे घालत. वाळू आणि निखारे मिळून तो ओव्हनच झाला. भिंतींचे काम वाळू करी.

उष्णता पोहोचते कशी?

उष्णतेच्या प्रवासाच्या तीन रीती तुम्ही शिकला आहात: वहन, अभिसरण आणि प्रारण. ओव्हनमध्ये तिन्ही एकाच वेळी काम करीत असतात.

प्रथम प्रारण. तापलेली प्रत्येक वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. जोसेफ स्टेफान या शास्त्रज्ञाने १८७९ साली असा नियम मांडला की, ही उष्णता वस्तूच्या केल्विनमधील तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. या 'चौथ्या घाता'ची करामत पहा. ओव्हनची भिंत १८० अंशांना, म्हणजे ४५३ केल्विनला आहे. मंद लाल दिसणारी सळई सुमारे ७०० अंशांना, म्हणजे ९७३ केल्विनला आहे. केल्विनमध्ये सळईचे तापमान दुपटीहून थोडेच अधिक, पण २.१५ चा चौथा घात होतो सुमारे २१. म्हणजे सळईचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर भिंतीच्या तेवढ्याच भागाच्या २१ पट उष्णता फेकतो! केक वरच्या सळईजवळ ठेवला तर डोके का करपते आणि भांडे मधल्या जाळीवर का ठेवायचे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे अभिसरण. गरम हवा वर जाते, गार हवा खाली येते आणि ओव्हनमध्ये एक संथ चक्र सुरू होते. काही ओव्हनमध्ये पंखा असतो. तो हवा अधिक गरम करीत नाही; तो फक्त पदार्थाला बिलगून बसलेला गार हवेचा पातळ थर उडवून लावतो. गरम चहावर फुंकर घातली की चहा लवकर निवतो, त्याचीच ही उलटी बाजू. म्हणून पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवण्याचा प्रघात आहे.

तिसरे वहन. भांड्याचा पत्रा तापतो आणि पिठाला उष्णता देतो. ॲल्युमिनिअम हे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे १५ पट चांगले वाहक आहे, म्हणून केकचे भांडे बहुधा ॲल्युमिनिअमचे असते. पण त्याचा रंगही महत्त्वाचा. चकचकीत भांडे प्रारण परत फेकते, काळे पडलेले भांडे ते शोषून घेते. एकच मिश्रण दोन भांड्यांत घातले तर काळ्या भांड्यातील केकचा तळ आधी तांबूस होतो. काचेचे भांडे वापरायचे असेल तर ते बोरोसिलिकेट काचेचेच हवे. या काचेचे प्रसरण साध्या काचेच्या सुमारे एक-तृतीयांश असते, त्यामुळे ती सहसा तडकत नाही. तरीही गरम भांडे ओल्या ओट्यावर ठेवणे म्हणजे तिची परीक्षा पाहणेच होय.

ओव्हनचे दार उघडल्यावर अंगावर येणारा हवेचा झोत सोसवतो. त्याच तापमानाच्या ताटाला मात्र बोट लागताच फोड येतो. तापमान एकच, मग फरक कशाचा? हवेत उष्णता थोडी असते आणि ती देण्याचा तिचा वेगही मंद असतो; धातू क्षणात भरपूर उष्णता देतो. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या राशी आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. (हा प्रयोग वाचूनच समजून घ्यावा, करून पाहू नये!)

शंभराचा अडसर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केकच्या मिश्रणात दूध असते, अंडी किंवा दही असते. म्हणजेच पुष्कळ पाणी असते. उष्णता आत येऊ लागली की तापमान वाढते. शंभराच्या जवळ आल्यावर मात्र येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होऊ लागते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.२ ज्यूल पुरतात. त्याच एका ग्रॅमची वाफ करायला २२६० ज्यूल लागतात. हा अप्रकट उष्मा म्हणजे जणू केकभोवती उभा केलेला पहारेकरी. पाणी संपल्याशिवाय तो तापमानाला पुढे जाऊ देत नाही. कागदाच्या द्रोणात पाणी उकळता येते आणि द्रोण जळत नाही, हा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. तत्त्व तेच.

पण मग केकचा वरचा थर तांबूस कसा होतो? कारण तेथील पाणी आधी निघून जाते. पृष्ठभाग कोरडा पडला की पहारेकरी उठतो आणि तापमान झपाट्याने चढते. सुमारे १४० अंशांच्या पुढे प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात वेगाने अभिक्रिया होऊन तपकिरी रंगाची व खमंग वासाची अनेक संयुगे तयार होतात. लुई-कामीय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. पावाची तांबूस पाठ, भाकरीवरील डाग, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास हे सारे तिचेच देणे.

उकडलेला बटाटा पांढराच का राहतो आणि निखाऱ्यात भाजलेला खरपूस का होतो, हेही आता सांगता येईल. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांपर्यंत जाते खरे, पण तेथे सगळीकडे पाणीच पाणी असते. खरपूसपणाला कोरडेपणा आणि १४० अंश, दोन्ही हवेत.

थोडक्यात, पाव, केक किंवा बिस्किट भाजणे म्हणजे एकाच पदार्थात दोन निरनिराळी तापमाने सांभाळणे होय: बाहेर १४० च्या वर, आत १०० च्या खाली. भाजण्याची सगळी कला या दोहोंचा मेळ घालण्यात आहे.

केक फुगतो कशाने?

'गरम झाल्यावर हवा प्रसरण पावते, म्हणून केक फुगतो' असे उत्तर परीक्षेत हमखास येते. ते अपुरे आहे. चार्ल्सचा नियम लावून पहा. मिश्रण २७ अंशांवरून (३०० केल्विन) ९७ अंशांवर (३७० केल्विन) गेले, तर आतील हवेच्या बुडबुड्यांचे आकारमान ३७०/३०० पट, म्हणजे केवळ २३ टक्के वाढेल. मिश्रणात हवा थोडी; तिच्या २३ टक्के वाढीने केक दुपटीजवळ कसा जाईल?

यात आणखी दोघांचा हातभार असतो. पहिला कार्बन डायऑक्साइड. खाण्याच्या सोड्याचा रेणुभार ८४. दही, लिंबू यांसारख्या आम्लाशी पूर्ण अभिक्रिया झाली तर ८४ ग्रॅम सोड्यापासून एक मोल वायू मिळतो. २७ अंशांना त्याचे आकारमान सुमारे २४.६ लीटर. अर्धा चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम सोड्यापासून पाऊण लीटरच्या जवळपास वायू निघतो! त्यातील बराच निसटून जातो, पण उरलेलाही पुरेसा असतो. आम्ल घातले नाही तर सोड्याचे नुसते विघटन होते, वायू निम्माच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. सोडा जास्त झालेल्या केकला साबणासारखी चव येते ती यामुळेच. पाककृतीत सोड्याबरोबर दही का असते, हे रसायनशास्त्र सांगते.

दुसरा साथीदार पाण्याची वाफ. ८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ निम्मा असतो. बुडबुड्यातील निम्मा दाब वाफेने पेलला की, आतील वायूला उरलेला निम्माच पेलावा लागतो. म्हणून तो जवळजवळ दुप्पट जागा व्यापतो. ९० अंशांच्या पुढे हा परिणाम आणखी वाढतो.

बुडबुडे फुगत असतानाच त्यांच्या भोवतीच्या भिंती घट्ट व्हाव्या लागतात. साधारण ६० ते ९० अंशांच्या दरम्यान अंड्यातील प्रथिने गोठतात आणि पिठातील स्टार्च पाणी शोषून फुगतो व घट्ट होतो. आता सांगा, अर्ध्या वेळात ओव्हनचे दार उघडून 'झाला का?' म्हणून डोकावले तर काय होईल? भिंतींतील उष्णता शाबूत असते, पण गार हवेने केकचा वरचा भाग निवतो, बुडबुड्यांतील वाफेचे पाणी होते, दाब घटतो, आणि अजून मऊ असलेल्या भिंती खाली बसतात. केकच्या मध्यभागी खळगा पडतो. निदान पहिला दोन-तृतीयांश वेळ दार उघडू नये, असे अनुभवी लोक सांगतात ते याचसाठी.

जाडी दुप्पट, तर वेळ किती?

उष्णता पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत कशी जाते? दाट मिश्रणात प्रवाह फारसे वाहू शकत नाहीत, त्यामुळे अभिसरण जवळजवळ नसते. उरते फक्त वहन, आणि ते फार संथ. काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) हे नाव तुम्ही तोफा कोरण्याच्या प्रयोगाच्या संदर्भात वाचले असेल. घर्षणाने उष्णता निर्माण होते, ती काही झिरपणारा द्रव नव्हे, हे त्याने १७९८ मध्ये मांडले. याच रम्फर्डने स्वयंपाकघराचाही शास्त्रीय अभ्यास केला, बंदिस्त चुली आणि मांस भाजण्याची लोखंडी पेटी तयार केली. शिजवलेल्या सफरचंदाचा गर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कढत का राहतो आणि तोंड का भाजतो, याचाही त्याने विचार केला होता. गरातील पाण्याला फिरता येत नाही, हे त्याचे मर्म.

वहनाचा एक महत्त्वाचा नियम असा: उष्णता आत झिरपण्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. ओव्हनमध्ये पृष्ठभागापर्यंत उष्णता पोहोचण्याचा वेळही जमेस धरावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात वाढ दुपटीच्या आणि चौपटीच्या दरम्यान कोठेतरी असते. तेवढ्या अवधीत बाहेरचा थर मात्र करपून जातो. तेव्हा दुप्पट मिश्रण त्याच भांड्यात ओतून 'वेळही दुप्पट' असा त्रैराशिकाचा हिशोब मांडू नका. त्याऐवजी भांडे मोठे घ्या. १५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल भांड्याऐवजी २१ सेंटिमीटरचे घेतले की क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते आणि जाडी तीच राहते. तापमान वाढवून घाई करणेही फसवे आहे. त्याने बाहेरचे काम लवकर होते. गाभ्याला शंभराचा अडसर असतो, आणि झिरपण्याचा वेग काही फारसा वाढत नाही.

कोंबडी भाजताना तर हा केवळ चवीचा प्रश्न राहत नाही. बाहेरून खरपूस दिसणाऱ्या मांसाच्या आत रोगजंतू जिवंत राहू शकतात. सर्वांत जाड भागाच्या आत, हाडाला न लावता, तापमापी खुपसून किमान ७४ अंश तापमान झाले आहे ना, हे पाहणे हाच खात्रीचा उपाय. डोळ्यांना दिसतो तो फक्त पृष्ठभाग.

शेंगदाणे आणि रताळी

शेंगदाण्यात पाणी अगदी थोडे, सुमारे ६ टक्के. तेल मात्र भरपूर. त्यामुळे शंभराचा अडसर लवकर दूर होतो. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये ताटात एकच थर पसरून ठेवले, मधून एकदोनदा हलवले, तर १५ ते २० मिनिटांत दाणे भाजून होतात. पण ते मनाजोगते तांबूस होण्याच्या जरा आधीच बाहेर काढावेत. दाण्याचे स्वतःचे तापमान १४० च्या पुढे गेलेले असते. बाहेर काढल्यावरही काही वेळ अभिक्रिया चालूच राहते. गरम ताटातून ते लगेच दुसऱ्या, गार ताटात पसरावेत. भडभुंजा वाळूत भाजलेले दाणे क्षणात चाळून वाळूपासून वेगळे करतो, त्यातही हेच शहाणपण आहे.

रताळ्याची गोष्ट निराळी. त्यात पाणी भरपूर असते. साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात रताळ्यातील विकरे स्टार्चपासून माल्टोज नावाची शर्करा तयार करतात. या टप्प्यातून रताळे जितके सावकाश जाईल तितके ते गोड होते. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत शिजवलेल्या रताळ्यापेक्षा ओव्हनमध्ये तासभर भाजलेले रताळे अधिक गोड लागते. मायक्रोवेव्ह हे वेगळेच यंत्र आहे, हेही ध्यानात ठेवा. त्यातील लहरी पदार्थात शिरून मुख्यतः पाण्याच्या रेणूंना उष्णता देतात. भिंती आणि हवा गारच राहतात. त्यामुळे नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ शिजतो, पण खरपूस होत नाही.

करून पहा: ओव्हन किती वीज वाया घालवतो?

ओव्हनचे बटण १८० वर ठेवले तरी सळया सतत तापत नाहीत. आतील थर्मोस्टॅट ठरावीक तापमान झाले की प्रवाह तोडतो आणि तापमान थोडे उतरले की पुन्हा जोडतो. अनेक ओव्हनमध्ये हे काम द्विधातू पट्टी करते. दोन धातूंचे प्रसरण वेगवेगळे असल्याने पट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. म्हणजे '१८०' हा आकडा स्थिर नसून तापमान त्याच्या वरखाली हेलकावत असते. प्रवाह चालू असताना बाहेरचा छोटा दिवा लागतो, असे तुमच्या ओव्हनमध्ये असेल तर पुढील प्रयोग घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊन जरूर करा.

रिकामा ओव्हन १८० अंशांना तापू द्या. पंधरा मिनिटांनी घड्याळ लावून दहा मिनिटांत दिवा एकूण किती वेळ लागला ते नोंदवा. समजा १५०० वॅटच्या ओव्हनमध्ये तो ४ मिनिटे लागला. तर सरासरी शक्ती १५०० × ४/१० = ६०० वॅट. आत काहीच नाही. मग ही सारी उष्णता गेली कोठे? दार, काच आणि पत्र्यातून स्वयंपाकघरात!

आता केकचा हिशोब. ६०० ग्रॅम मिश्रण, त्याचा विशिष्ट उष्मा २.८ धरू. ते ७० अंशांनी तापवायला ६०० × २.८ × ७० म्हणजे सुमारे ११८ किलोज्यूल. केक भाजताना ६० ग्रॅम पाणी उडाले असे धरले तर ६० × २२६० म्हणजे सुमारे १३६ किलोज्यूल. एकूण २५० किलोज्यूलच्या जवळपास. चाळीस मिनिटांवर हे वाटले तर सुमारे १०० वॅट. म्हणजे केक आत असताना ओव्हन सरासरी ७०० वॅट घेतो, त्यातले १०० केकला मिळतात. आधी तापवण्याची दहा मिनिटे धरून एकूण खर्च सुमारे २६०० किलोज्यूल, म्हणजे पाऊण युनिटच्या घरात. केकच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो!

यातून शहाणपण काय शिकावे? ओव्हन तापवला आहे तर एकामागोमाग दोन-तीन पदार्थ भाजून घ्यावेत. आधी केक, मग शेंगदाणे, शेवटी बटण बंद करून उरलेल्या उष्णतेवर रवा किंवा ब्रेडचे तुकडे कोरडे करावेत. भिंतींच्या तिजोरीतील उष्णता फुकट का घालवावी?

एक धोक्याची सूचना

याच आकड्यांतून एक गंभीर गोष्ट निघते. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर १५००/२३० = ६.५ अँपिअर धारा घेतो. घरातील दिवे-पंख्यांसाठी असलेला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. रूपांतरक पिन लावून ओव्हन त्यातच जोडण्याची चूक पुष्कळ घरांत होते. समजा, त्या सॉकेटमधील सैल संपर्काचा रोध केवळ अर्धा ओहम आहे. तेथे निर्माण होणारी उष्णता = धारेचा वर्ग × रोध = ६.५ × ६.५ × ०.५, म्हणजे सुमारे २१ वॅट. सोल्डरिंगची साधी सळई २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते! प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या आत तसे यंत्र तासभर चालू ठेवल्यासारखेच हे झाले. तेव्हा ओव्हन नेहमी १६ अँपिअरच्या, भूसंपर्कित सॉकेटलाच जोडावा. आज घरी गेल्यावर पहिली तपासणी याचीच करा. ओव्हनच्या मागील पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. २३० ने भागायला वेळ लागत नाही. सॉकेट बदलण्याचे काम मात्र वायरमनचेच.

शिक्षकांसाठी

शाळेत ओव्हन नसला तरी या पाठातील बराच भाग वर्गात करता येतो. सारख्या आकाराचे दोन ॲल्युमिनिअमचे डबे घ्यावेत, एकाला बाहेरून काजळी लावावी, दोन्हींत सारखे पाणी भरून उन्हात ठेवावे आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावे. विशिष्ट उष्मा, अप्रकट उष्मा, चार्ल्सचा नियम आणि विद्युतधारेचा उष्णता परिणाम ही चार प्रकरणे सहसा वेगवेगळ्या महिन्यांत शिकवली जातात. एका केकच्या निमित्ताने त्यांची उजळणी एका तासात होते, आणि आकडे विद्यार्थ्यांच्या घरातलेच असल्याने ते विसरले जात नाहीत.

विचार करा

१. महाबळेश्वरची उंची सुमारे १३७० मीटर आहे. तेथे पाणी सुमारे ९५ अंशांना उकळते. मुंबईची केकची कृती तेथे जशीच्या तशी वापरली तर केक जास्त फुगून बसण्याचा संभव असतो. का?

२. पाव भट्टीत घालताना सुरुवातीला आत वाफ सोडली तर पाव चांगला फुगतो. गार पिठावर वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे किती उष्णता मिळते? पृष्ठभाग ओला राहिल्याने आणखी काय साधते?

३. केक भाजण्यापूर्वी आणि नंतर भांड्यासकट वजन करा. किती ग्रॅम घटले? घटलेले सर्व वजन पाण्याचेच मानून त्याला लागलेली उष्णता काढा. तुमच्या ओव्हनमधील केकच्या वाट्याला एकूण विजेचा कितवा हिस्सा आला?

४. शेवटचा प्रश्न जरा खोडकर. 'ओव्हन १८० अंशांना आहे' असे कोणी म्हटले, तर 'ओव्हनचा कोणता भाग?' असे तुम्ही विचाराल की नाही? सळई, भिंत, हवा, केकची पाठ आणि केकचा गाभा, या पाचांची तापमाने चढत्या क्रमाने लिहून पहा.